रंगखोलीमागच्या दोन पेट्या

३ जानेवारी

ठेंगू,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं. मग वाटलं, तू म्हणशील, आता आठवलं का. खोडलं तर खोडलेलं फारच डोळ्यांत यायला लागलं, म्हणून कागदच बदलला. हा दुसरा कागद.

सात वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस. वहिनीशी बोलतेस, बाबांशी तर तास तास बोलतेस, आणि मागून माझा आवाज आला की तुला एकदम काम आठवतं. म्हणून पत्र. सख्ख्या बहिणीला पत्र लिहिताना घाम फुटतो, हे मला माहीत नव्हतं.

घाबरू नकोस, कामाचंच लिहितोय. एक सल्ला हवाय. फक्त सल्ला.

झालं असं की नोव्हेंबरात माझी पाठ गेली. पंपाचं एक कास्टिंग एकट्याने उचलायला गेलो आणि तिथेच वाकलेला राहिलो. टर्नरकाका म्हणाले, "दादा, काही शोधताय का?" डॉक्टरांनी तीन आठवडे आडवा केला. आणि मग सुरू झाले फोन. वहिनीने एक दिवस मोजले: त्रेचाळीस.

"दादा, पाच नंबरचे सील कुठे आहेत?"

"डावा रॅक, खालून दुसरा कप्पा, निळ्या डब्यामागे."

"निळा डबा नाहीये."

"अगं, तो आता हिरवा आहे."

ही आपली जुळणीची मावशी. तीस वर्षं पंप जुळवतेय, पण स्टोअरमध्ये पाऊल टाकायची कुणाला मुभाच नव्हती ना. मुभा कुणी दिली नव्हती ते विचारू नकोस. हा फोन यायच्या आधी साठ पंप अकरा दिवस सीलवाचून उभे होते. सील कारखान्यातच होते. मी पालथा झोपलो होतो, एवढंच. शाफ्ट दोनदा मागवले गेले, कारण मी आधीच मागवलेत हे फक्त मला ठाऊक होतं, आणि मला कुणी विचारलंच नाही. त्रेचाळिसांतला एकही फोन शाफ्टसाठी नव्हता!

बाबा उशाशी बसले होते. म्हणाले, "अख्खा कारखाना तुझ्या डोक्यात, आणि तुझं डोकं उशीवर." थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाले, "पोरगी हेच सांगत होती."

तर आपण ईआरपी सॉफ्टवेअर घेतोय. खरेदी, स्टोअर, जुळणी, विक्री, सगळ्यांनी एकाच ठिकाणी बघायचं आणि सगळ्यांना एकच आकडा दिसायचा. वाक्य तुझंच आहे, माहितीये मला. एक मार्चपासून वही आणि सिस्टिम दोन्ही बरोबर चालवायच्या, एकतीस मार्चला सगळ्या मालाची मोजणी, आणि एप्रिलपासून वही बंद. सल्ला असा हवाय की सुरुवात कुठून करायची? आणि ती मोजणी तू येऊन करावीस, असं बाबांना वाटतं.

दादा

(हे पाकिटाच्या मागे लिहितोय, कारण चिकटवून झालं. मलाही वाटतं.)


१९ जानेवारी

ठेंगू,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, पाकिटावर लिहिलेलं पोस्टमनने वाचलं असेल आणि तोच लाजून परत फिरला असेल.

इकडे धमाल चाललीये. सॉफ्टवेअर कंपनीने एक बाई पाठवल्यात. आवाज इतका मऊ की यंत्र चालू असताना त्यांचे नुसते ओठ हलताना दिसतात. पण जिद्द बघ! पहिल्याच दिवशी एक बेअरिंग टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "याचं नाव काय?"

टर्नरकाका म्हणाले, "मोठं."

मावशी म्हणाली, "मोठं कुठलं? हे छोटं. मोठं ते वेगळं."

खरेदीवाल्याने त्यावर छापलेला नंबर सांगितला, सहा हजार दोनशे सहा. विक्रीवाला म्हणाला, बेअरिंग, आणि आपण फार अचूक बोललो अशा थाटात सगळ्यांकडे बघितलं. मी म्हणालो, "डावीकडचं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "सर, रॅक हलवला तर?"

पंचवीस वर्षांत रॅक हलू शकतो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग आठ दिवस बारसं चाललंय इथे. एकेक वस्तू उचलायची, सगळ्यांनी भांडायचं, आणि तिला एकच नाव द्यायचं. वह्यांमध्ये मिळून अकराशे चाळीस वस्तू होत्या. प्रत्यक्षात निघाल्या सहाशे ऐंशी. म्हणजे चारशे साठ वस्तू आम्ही इतकी वर्षं नुसत्या जिभेवर सांभाळत होतो. काल एका वॉशरवरून टर्नरकाका आणि मावशी इतके तावातावाने भांडले की बाई घाबरल्या. शेवटी कळलं, दोघांचंही म्हणणं एकच होतं. दोघं नंतर एकत्र चहा प्यायला गेले आणि तिथेही भांडले.

हे सगळं तू तेव्हा एकटीने केलं होतंस. तीन महिने, एका जुन्या कॉम्प्युटरवर, कुणी बरोबर नसताना. आज ते आठवलं आणि मला कसंतरीच झालं.

त्या दिवसाचं सांगायचं तर, रंगखोलीमागच्या त्या दोन पेट्या तुझ्या मोजणीत राहून गेल्या असतील. एवढ्या पसाऱ्यात राहतं एखादं. त्यात तुझा दोष नव्हता.

वहिनी हे पत्र वाचत होती. 'राहून गेल्या' वर बोट ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

दादा


८ फेब्रुवारी

ठेंगू,

हे पत्र तीन वेळा फाडलं. आता फाडणार नाही, कागद संपत आलेत.

पेट्या राहून गेल्या नव्हत्या. मी हलवल्या होत्या.

तू म्हणाली होतीस, उद्या डावा रॅक मोजते. त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी रॅकवरच्या त्या दोन पेट्या उचलल्या आणि रंगखोलीमागे, ड्रमांआड नेऊन ठेवल्या. दोनशे चाळीस बेअरिंग. वर गोणपाट टाकलं. तू दुसऱ्या दिवशी रॅक मोजलास, अगदी बरोबर मोजलास, आणि शून्य लिहिलंस. तिथे शून्यच होतं, कारण मी ते करून ठेवलं होतं.

मग ती मीटिंग. तू पडद्यावर दाखवलंस की बेअरिंग नाहीत, ऑर्डर दहा दिवस पुढे जाईल. आणि मी उठलो, गेलो, आणि पेट्या आणून तुझ्या टेबलावर आपटल्या. "घ्या. कॉम्प्युटर म्हणतो नाहीत." सगळे हसले. टर्नरकाकांनी टाळ्या वाजवल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. मी दुसरीकडे पाहिलं. आठवड्याच्या आत तू परगावी नोकरीला गेलीस आणि त्या कॉम्प्युटरवर कुणीतरी फडकं टाकलं. कुणीतरी म्हणजे मीच.

का केलं? हे मी स्वतःलाही धड सांगितलेलं नाही. मला भीती वाटली. सगळं जर पडद्यावर दिसायला लागलं, तर मला कोण विचारणार? शिक्षण तुझं, हुशारी तुझी. माझ्याकडे एकच गोष्ट होती: कुठे काय आहे ते मला ठाऊक होतं. तीही तू मोजून लिहून टाकणार होतीस.

मी चुकलो, ठेंगू. तुझं काम मी मातीत घातलं. मला माफ कर.

दादा


२७ फेब्रुवारी

ठेंगू,

पत्र तुला मिळालं, हे वहिनीकडून कळलं. "काय म्हणाली?" विचारलं, तर वहिनी म्हणाली, "हं म्हणाली."

"कसं हं? लांब की आखूड?"

"नुसतं हं."

दोन दिवस मी त्या 'हं'चा अर्थ लावत फिरलो. शेवटी वहिनीनेच माझा कान धरला. म्हणाली, "तिला हसले ते सगळ्यांसमोर. आणि तुम्ही कबुली देता ती पाकिटात बंद करून? असं कुठे असतं का?"

बरोबरच बोलली. या बाईशी लग्न झालं नसतं तर माझं काय झालं असतं, देव जाणे.

त्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या बाईंनी एक सूचना लावली. सिस्टिम सुरू व्हायच्या आधी ज्याने ज्याने अडीअडचणीला म्हणून जो काही माल लपवून ठेवलाय, तो शनिवारी आणून द्यायचा. कुणी काही विचारणार नाही, कुणी रागावणार नाही. आकडा खरा हवा, बस्स. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. लपवलेला माल? आमच्याकडे? छे!

शनिवारी दुपारपर्यंत टेबल रिकामं. मग मावशी आली, इकडेतिकडे बघत, आणि डब्याच्या पिशवीतून चाळीस सील काढून ठेवले. "ऐनवेळी लागतात हो," म्हणाली. ते बघून टर्नरकाकांना धीर आला. त्यांच्या कपाटातून निघाले सोळा शाफ्ट, एका जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेले. विक्रीवाल्याच्या खुर्चीखाली तीन अख्खे पंप! म्हणे, लाडक्या गिऱ्हाइकासाठी. खुर्ची नेहमी उंच का वाटायची ते कळलं. मग तर रांगच लागली. नट, बोल्ट, वंगणाचे डबे, चार नव्याकोऱ्या पकडी. जो तो आणून ठेवायचा आणि पुढच्याचं बघून हसायचा. बाई लिहून लिहून थकल्या. दोन टेबलं भरली. ज्या वस्तू नाहीत म्हणून आम्ही गेल्या महिन्यात गळा काढत होतो, त्यातल्या अर्ध्या तिथे होत्या.

मी सगळ्यात शेवटी गेलो. माझ्या हातात काहीच नव्हतं. टर्नरकाका म्हणाले, "दादांकडे काही नाही? मग सूर्य आज कुठून उगवला?"

मी टेबलापाशी उभा राहिलो आणि सांगितलं. सगळं. पेट्या कुणी हलवल्या, कधी हलवल्या, गोणपाट कुणी टाकलं. तुझी मोजणी एका आकड्यानेही चुकली नव्हती, हे सांगितलं. मी खाली बघत बोलत होतो, तर मागून कुणीतरी म्हणालं, जोरात बोला. मग मी जोरात बोललो. "ती बरोबर होती आणि मी लबाडी केली," असं दोन वेळा म्हणालो, कारण पहिल्या वेळी नेमका कॉम्प्रेसर सुरू झाला.

कुणी हसलं नाही. मावशीने पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाली, "मेल्या." तिने मला आजवर 'दादा'शिवाय दुसरी हाक मारलेली नाही. टर्नरकाका बराच वेळ हात चोळत होते. म्हणाले, "टाळ्या मी वाजवल्या होत्या."

घरी येऊन बाबांना सांगितलं. हे पत्र लिहितोय हे बघून त्यांनी पेन मागितलं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत. अक्षर वाकडं येतं, समजून घे.

बाळ, त्या दिवशी मीही हसलो होतो. नंतर तुझ्याशी रोज बोललो पण हे बोललो नाही. बापाला शोभलं नाही. ये.


२५ मार्च

ठेंगू,

माणसांच्या मनातलं सोडून बाकी सगळ्याची नोंद होते आता आपल्याकडे. पंचवीस दिवस झाले. मजा येतेय गं! खरंच मजा येतेय.

महिन्याच्या सुरुवातीला एका गिऱ्हाइकाचा फोन आला, ऐंशी पंप कधी मिळतील? पूर्वी काय व्हायचं तुला माहीत आहे. विक्रीवाला जिन्यावरून ओरडणार, मावशी खालून ओरडणार, मी स्टोअरमधून ओरडणार, आणि त्या गोंधळातून जी तारीख ऐकू येईल ती गिऱ्हाइकाला सांगायची. या वेळी विक्रीवाल्याने नुसता पडदा बघितला. चोवीस शाफ्ट कमी आहेत, ते चौदाला येतायत, जुळणी आणि चाचणीला पाच दिवस. एकोणीस तारीख, म्हणाला. माल अठरालाच गेला. गिऱ्हाइकाने फोन करून विचारलं, काही चूक तर झाली नाही ना तुमची?

आणखी ऐक. एक पंप गळतो म्हणून परत आला. पट्टीवरचा नंबर टाकला, आणि समोर आलं की सील कुठल्या खेपेतलं, जुळणी कुठल्या दिवशीची, त्याच खेपेतले सील आणखी किती पंपांत गेले. नऊ! ते नऊ पंप कुणाकडे आहेत तेही. मावशीने स्वतः नऊ जणांना फोन केले: "तुमचा पंप गळायच्या आत आम्ही येतोय." एक म्हातारे गृहस्थ इतके चक्रावले की त्यांनी विचारलं, तुम्हाला स्वप्न पडलं का?

जे मागवायचं ते सिस्टिम आधीच सांगते, आणि आधीच मागवलं असेल तर तेही सांगते. दोनदा शाफ्ट आणायचा माझा पराक्रम आता कुणाला करता येणार नाही.

आणि माझं काय झालं ते सांगू? पहिले दोन दिवस मला कुणी काही विचारलं नाही. मी रॅकांमध्ये उगाच फेऱ्या मारल्या. सात वर्षांपूर्वी ज्याला घाबरलो होतो ते हेच, असं वाटलं. तिसऱ्या दिवशी खरेदीवाला आला. म्हणाला, "दादा, कास्टिंग तीन ठिकाणी मिळतंय. भाव सिस्टिम सांगते, पण थंडीत कुणाचं तडकतं ते तुम्ही सांगा." मी अर्धा तास बोललो. त्याने वहीत लिहून घेतलं. ठेंगू, निळा डबा कुठे आहे हे सांगण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. मला त्याहून जास्त येत होतं.

गेल्या गुरुवारी मी सुट्टी घेतली. वहिनीबरोबर तळ्यापर्यंत चालत गेलो. तिने माझा फोन बाकावर आमच्या मध्ये ठेवला आणि दोघं त्याच्याकडे टक लावून बसलो. वाजला नाही. तिला इतकं हसू आलं की शेजारच्या बाकावरचे लोक बघायला लागले.

सहा दिवसांनी मोजणी. सकाळी नऊला सुरू. तू आलीस तर वर्षाचा पहिला खरा आकडा तुझ्या हातचा असेल. आली नाहीस तर मावशी मोजेल, आणि मी तुला परत लिहीन. मला आता लिहायची सवय लागलीये, त्यामुळे तुझी सुटका नाही.

प्रिय ठेंगू, तुझा
दादा


२ एप्रिल

प्रिय ठेंगू,

तू आत्ता भिंतीपलीकडे बसली आहेस. मावशीला काहीतरी समजावते आहेस आणि ती ऐकत नाहीये, दोन्ही आवाज येतायत. तरी लिहितोय. काही गोष्टी मला तुझ्यासमोर बसून बोलता येणार नाहीत, आणि आता फाडायला कागदही भरपूर आणलेत.

आज सकाळी सिस्टिम उघडली तर जूनच्या उत्पादनाचं नियोजन तयार दिसलं. खाली रकाना असतो, जबाबदार कोण. तिथे तुझं नाव. जूनचं! बाबांकडे धावलो, तर म्हणाले, "मला परवाच सांगितलं तिने. तिकडची नोकरी सोडतेय. तुला नाही सांगितलं?" नाही सांगितलंस. मला मात्र कारखान्यातल्या इतर सगळ्यांसारखं पडद्यावर वाचावं लागलं. ठीक आहे. एवढी शिक्षा चालेल.

पण परवाचं लिहून ठेवायलाच हवं.

नऊला पाच कमी असताना फाटकाशी रिक्षा थांबली. तू उतरलीस. केस थोडे पिकलेत तुझे. बाबांच्या पाया पडलीस, मावशीच्या गळ्यात पडलीस, सॉफ्टवेअरच्या बाईंना म्हणालीस, "यादीत आकडे छापू नका, कोरी द्या. आकडा दिसला की माणूस तोच मोजतो." माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी स्टोअरच्या दारात उभा होतो, तर माझ्या बाजूने आत गेलीस.

दिवसभर मोजलंस. कप्प्यामागून कप्पा. तू आकडा सांगायचीस, बाई पडद्यावर बघून म्हणायच्या, जुळला. सील, जुळला. शाफ्ट, जुळला. टर्नरकाकांनी तर काम सोडून तिथेच बस्तान मांडलं. चारच्या सुमारास डावा रॅक आला. सगळ्यांना ठाऊक होतं तो कुठला रॅक आहे. बाबा खुर्ची घेऊन जवळ आले. एक एक यंत्र बंद झालं.

तू मोजलंस. तीनशे अकरा.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टिममध्ये तीनशे बारा आहेत."

तू पुन्हा मोजलंस. एकेक बेअरिंग बाजूला ठेवत. तीनशे अकरा. टर्नरकाका उठून उभे राहिले. आणि तू मान वर न करता, पेन्सिल कागदावर तशीच टेकवून, सात वर्षांत माझ्याशी पहिल्यांदा बोललीस.

"दादा, खिसा."

देवाशपथ सांगतो, लपवलं नव्हतं. सकाळी रिक्षा दिसली तेव्हा हातांचं काय करावं ते कळेना. काहीतरी धरावं म्हणून समोरचं एक बेअरिंग उचललं, आणि मग तू आत आलीस, मी ते खिशात टाकलं आणि विसरलो. मी खिशात हात घातला. होतं. काढून तुझ्या तळहातावर ठेवलं.

आधी तुला हसू फुटलं. मग मावशीला. मग तर सगळा कारखानाच हसत सुटला, बाबांना ठसका लागला, सॉफ्टवेअरच्या बाईंचा आवाज पहिल्यांदा सगळ्यांना नीट ऐकू आला. सगळे माझ्यावर हसत होते, आणि मी आयुष्यात इतका सुखी झालो नव्हतो.

तू ते बेअरिंग कप्प्यात ठेवलंस. कागदावर तीनशे बारा लिहिलंस आणि कागद माझ्यापुढे केलास.

"सही कर," म्हणालीस. "तुझ्यासमोर मोजलंय."

मी सही केली. तुझ्या सहीखाली.

दादा